एकजिनसी घर

सोमवार, ४ मार्च. सकाळ.
नवी वही. जुन्या वहीत ‘ही’ म्हणजे जी होती, ती जाऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे नव्या बायकोला इथे ‘डॉक्टर’ म्हणायचं ठरवलं आहे. दातांच्या आहेत. गोंधळ नको.

संध्याकाळ.
ऑफिसात मुख्य संपादिका बाईंनी शालेय कोशातला एक गट माझ्याकडे दिला. मिश्र, संमिश्र, विविध, विषम, विजोड, विसंगत, सरमिसळ, भेसळ, सटरफटर. प्रत्येकाचा अर्थ, एकमेकांतला फरक आणि वापराचं एक वाक्य. मुलांना कळेल असं. मुदत महिनाअखेर. मी म्हटलं, गुरुवारी देतो. बाई नुसत्या बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

मंगळवार, ५ मार्च.
‘मिश्र’ने सुरुवात केली. घरी बसायला जागा नाही. डॉक्टरांचं सामान महिन्यापूर्वी आलं, तेव्हापासून माझ्या फ्लॅटमध्ये दोन डायनिंग टेबलं, दोन वॉशिंग मशीन आणि दोन फ्रिज आहेत. एक फ्रिज घरघरायचा थांबला की दुसरा सुरू होतो. जणू ड्यूटी लावून घेतली आहे. लिहायला बसलो, उठलो, दुसऱ्या टेबलावर बसलो. तिथून उठलो.

शिवाय मेट्रन. या डॉक्टरांच्या आधीच्या सासूबाई. म्हणजे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या आई. हॉस्पिटलात मेट्रन होत्या, नाव तेच पडलं. डॉक्टरांनी लग्नाआधीच सांगितलं होतं, मी येईन तर आई पण येतील. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. तेव्हा टीव्हीचा विषय निघाला नव्हता. मेट्रन टीव्हीवर कुस्त्या बघतात. माझी कन्याही आता बघते. वय पंधरा. गेल्या वर्षापर्यंत चित्रं काढायची.

माझं आणि मेट्रनचं नातं काय? बायकोच्या आधीच्या नवऱ्याची आई. कोशात शब्द नाही. सगळे कोश तपासले. ‘आई’ म्हणवत नाही, ‘मेट्रन’ तोंडावर म्हणता येत नाही. सध्या खाकरून काम भागवतो. त्या मला ‘संपादक’ म्हणतात. आवाजात आदर आहे.

गुरुवार, ७ मार्च.
गट दिला नाही. कारण तांत्रिक आहे. ‘संमिश्र’ला वाक्य लिहिलं होतं: ‘लग्नाला नातेवाइकांचा संमिश्र प्रतिसाद मिळाला.’ खोडलं.

खरा दोष घराचा आहे. माणूस ज्या घरात राहतो तसा विचार करतो. या घरात एक वस्तू दुसरीशी जुळत नाही. तेव्हा आधी घर, मग शब्द. प्लॅन: महिनाअखेरपर्यंत घर एकजिनसी करायचं. प्रत्येक गोष्ट एकच. जास्तीची बाहेर.

जेवणानंतर मीटिंग बोलावली. डॉक्टर म्हणाल्या, दिवसभर लोकांची तोंडं उघडून थकले, रविवारी बोलू. कन्या म्हणाली, बाबा, दोन फ्रिज असले तर तुझं काय बिघडतं. मेट्रन म्हणाल्या, जाहिराती लागल्या की बोला. जाहिराती लागल्याच नाहीत. ठराव एकमताने मंजूर धरला आहे.

रविवार, १० मार्च.
चमच्यांपासून सुरुवात. आपले डावीकडे, त्यांचे उजवीकडे. मधे पुठ्ठा. दुपारच्या चहानंतर बघतो तर पुन्हा सगळे एकत्र. परत वेगळे केले. मेट्रन येऊन म्हणाल्या, ‘संपादक, मला खोकल्याचं औषध घ्यायचंय. कुठल्या बाजूच्या चमच्याने घेऊ?’ मी उजवीकडचा दिला. सिस्टिम त्यांच्या अंगवळणी पडू लागली आहे. पाठीमागे कन्येला हसण्याचा झटका आला. वय.

बुधवार, १३ मार्च.
बाईंनी विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, अखेरचा हात फिरवतोय. समोरच्या टेबलावरची पेन्सिलवाली मान वर न करता हसली. तिचे गट भराभर होतात. तिच्याकडे खोली नाही. ती ‘विषम’ म्हणजे ‘सम नसलेले’ एवढं लिहून मोकळी होईल. मी गेले तीन दिवस ‘विषम’ आणि ‘विजोड’ यांच्यामधे येरझाऱ्या घालतोय. अक्षरशः. खिडकी ते जिना. बाईंनी शेवटी विचारलं, पोट बरं आहे ना?

शनिवार, १६ मार्च. सकाळ.
तिघी मेट्रनचा गुडघा दाखवायला गेल्यात. घरात मी एकटा. खाली भंगारवाल्याची हाक. योग जुळून आला.

बाल्कनीत मेट्रनचा एक खोका महिनाभर पडून आहे. उघडला. रेडिओची बटणं, एका हाताचा मोजा, कुलूप नसलेल्या किल्ल्या, बिजागरी, कसली तरी तार, आणि प्लास्टरचा एक दातांचा साचा. वरच्या ओळीचा. एक दात अर्धा तुटलेला. क्लिनिकमधला कचरा घरी आणायचा म्हणजे कमाल झाली.

पण खोक्यात बघता बघता सुचलं! पेन घेऊन तिथेच फरशीवर बसून लिहिलं: ‘सटरफटर: एकमेकांशी संबंध नसलेल्या, कुणाच्या उपयोगाच्या नसलेल्या लहानसहान वस्तू.’ पहिल्या झटक्यात. एकही खाडाखोड नाही. खोका खाली देऊन आलो. बाल्कनीत आता माझं टेबल बसेल.

संध्याकाळ.
मेट्रन टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत गेल्या. आत येऊन विचारलं, खोका कुठे ठेवलात? मी सांगितलं. सकाळची व्याख्याही वाचून दाखवली. डॉक्टर उभ्या होत्या, त्या खाली खुर्चीत बसल्या. मेट्रननी हातातल्या टॉवेलची घडी घातली. ओल्या टॉवेलची. आपल्या खोलीत गेल्या.

आज टीव्ही लागला नाही. घर प्रथमच शांत आहे. प्लॅनचा परिणाम दिसू लागला म्हणायचा.

रविवार, १७ मार्च.
मेट्रन सकाळीच एक बॅग घेऊन भाचीकडे गेल्या. मी म्हटलं, चार दिवस हवापालट होईल. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. या नजरेपुढे लोक तोंड उघडत असतील यात नवल नाही. मी मिटलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा आधीचा नवरा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. तो गेला त्या दिवशी मेट्रननी त्याच्या टेबलाचा खण ओढून जसाच्या तसा त्या खोक्यात पालथा केला. पुन्हा कधी हात लावला नाही. आवरलंही नाही. आणि दात त्याचेच. डॉक्टरांचं क्लिनिक नवं होतं, तो तुटका दात घेऊन आला, यांनी साचा घेतला. पुढच्या आठवड्यात दात बसवल्यावर तो म्हणाला, हा साचा मला द्याल का, माझं असं काहीच मी कधी बाहेरून पाहिलेलं नाही. तिथून त्यांचं सुरू झालं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेही इथे नोंदवून ठेवतो.

डॉक्टर पुढे एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलं असतंत तर एका मिनिटाचं काम होतं.’ आणि क्लिनिकला गेल्या. रविवारी क्लिनिक बंद असतं.

चहाच्या वेळी कन्या म्हणाली, ‘बाबा, तुझ्या कपाटात आईचा कंगवा आहे. दोन दात पडलेला. तो पण सटरफटरच ना?’

तो मुद्दा वेगळा आहे. कसा वेगळा, ते उद्या लिहीन.

सोमवार, १८ मार्च.
ऑफिसला दांडी. भंगाराच्या दुकानात गेलो. ठराव: खोका परत आणायचा, कुणाला काही न बोलता बाल्कनीत ठेवायचा, विषय संपला.

दुकान म्हणजे पत्र्याच्या कुंपणातलं मोठं अंगण. मालकाने विचारलं, खोक्यात काय काय होतं? मी म्हटलं, सटरफटर. त्याने हात फिरवून सगळं अंगण दाखवलं.

दुपारपर्यंत ढीग उपसले. आठवायला गेलं तर आठवेना. बटणं काळी होती की तपकिरी? मोजा डाव्या हाताचा की उजव्या? लिहिताना मी खोक्याकडे बघत होतो, वस्तूंकडे नाही. एकदा वाटलं, हेच बटण. मग तसलीच आणखी अकरा निघाली. साच्याबद्दल विचारलं. मालक म्हणाला, ‘प्लास्टर कोण घेतंय साहेब? ते फेकून दिलं.’ कुठे? कचऱ्याच्या गाडीत. गाडी कधी गेली? शनिवारीच.

तरी एक पोतं भरून घेतलं. जे जे त्यातलं असू शकेल ते ते. शर्ट खांद्यावर फाटला. पोतं जिन्यात ठेवलंय. घरी फ्रिजची घरघर ऐकू येत होती, दोन्हींची. टीव्हीसमोर कन्या बसली होती, टीव्ही बंद.

कंगव्याबद्दल अजून लिहिलेलं नाही. वेळ झाला नाही.

मंगळवार, १९ मार्च.
बाईंनी गट काढून पेन्सिलवालीकडे दिला. तिने संध्याकाळी करूनही टाकला. जाता जाता तिच्या टेबलावर वाचला. ‘सटरफटर: निरनिराळ्या प्रकारच्या लहानसहान वस्तू. वाक्य: तिच्या दप्तरात बरंच सटरफटर सापडलं.’ उपयोगाच्या आहेत की नाहीत याबद्दल एक अक्षर नाही. उथळ आहे असं लिहिणार होतो. राहू दे.

मला अव्ययं दिली आहेत. आणि, किंवा, पण, तर, सुद्धा. बाई म्हणाल्या, छोटे शब्द आहेत, तुम्हाला सोपे जातील. मी याला बढती समजतो. त्यांच्याशिवाय एक वाक्य उभं राहत नाही.

बुधवार, २० मार्च.
भाचीकडे गेलो. पोतं घेऊन. रिक्षावाल्याने पोतं बघून मला मागे आणि त्याला पुढे बसवलं. वाटेत भाषण पाठ केलं. सुरुवात: ‘शब्दांच्या माणसाकडून वस्तूंच्या बाबतीत अनवधान होऊ शकतं.’ मधे एक कोपरखळी, शेवट हात जोडून.

भाचीने दार उघडलं, पोतं बघितलं आणि म्हणाली, आम्ही जुनं घेत नाही. मी ओळख दिली. आत मेट्रन खुर्चीत, पाय स्टुलावर. मी पेपर पसरला आणि पोतं ओतलं.

त्यांनी चष्मा लावला. एकेक वस्तू उचलून उजेडात धरली. घाई नाही. पेशंटची नाडी बघावी तसं. ‘हे आमचं नाही.’ बाजूला. ‘हे आमचं नाही.’ बाजूला. किल्ल्या, बिजागऱ्या, तीन मोजे, सगळी बटणं. एक तपकिरी बटण फार वेळ हातात ठेवलं. अंगठ्याने फिरवून बघितलं. मला वाटलं, सापडलं. ‘हेही नाही,’ म्हणाल्या.

मग मी भाषण सुरू केलं. म्हणजे करायला गेलो. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, दात मिळाले नाहीत. मी अंगणभर शोधले. दुसरं काही निघालं नाही. कोपरखळी राहून गेली.

मेट्रन चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, ‘शर्ट फाटलाय तुमचा.’ हा परवाचा नव्हता, आज रिक्षात फाटला. तेवढ्यात भाचीने चहा आणला. चहा संपवून उठलो.

निघताना दाराशी म्हणाल्या, ‘शनिवारी फायनल आहे. हिच्याकडे ते चॅनल लागत नाही. मी येतेय. तुमच्यासाठी येत नाहीये, संपादक.’

भाषणाचा परिणाम झाला. न करताही. पुढच्या वेळी हेच तंत्र वापरावं.

शुक्रवार, २२ मार्च.
मेट्रन आल्या. मी आणलेला तो सगळा ढीग बरोबर घेऊन आल्या. फेकू म्हटलं तर म्हणाल्या, कुणाचं तरी असेल, राहू दे. बाल्कनीत ठेवलाय. माझं टेबल आत.

डॉक्टर मला म्हणाल्या, चहा घेणार का. रविवारनंतर पहिलंच वाक्य. बरंच लांब वाटलं.

कपाट उघडून कंगवा बघितला. कन्येला दिला. ती म्हणाली, मला नकोय बाबा, तुझ्याकडेच ठेव, फक्त सांग की आहे. आहे, असं सांगितलं. याहून जास्त आज लिहायला नको.

शनिवार, २३ मार्च. संध्याकाळ.
अव्ययांचं काम जोरात. फायनल सुरू व्हायच्या आधी खालच्या मजल्यावर नवीन आलेल्या बाई आवाजाची तक्रार करायला आल्या. दार मेट्रननी उघडलं. मी मागे उभा. बाईंनी तक्रार केली, मेट्रननी ऐकून घेतली, मग ओळखीपाळखी. ‘ही माझी सून, दातांची डॉक्टर. दात दुखला तर या. ही माझी नात.’ बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि हे?

मेट्रन वळल्या. मला नीट बघितलं. मग म्हणाल्या, ‘हे? हे पण इथेच राहतात.’

लगेच आत येऊन कोश उघडला. पण: (१) देखील, सुद्धा, आधीच्यांत सामील करून घेणारा. (२) परंतु, विरोध दाखवणारा. वाक्यातली जागा पाहता (१)च असणार. ‘हे’च्या लगेच नंतर आलाय. व्याकरण माझ्या बाजूचं आहे. सूर मात्र थोडा (२)कडे झुकत होता. कोशाच्या नोंदीच्या कार्डावर हेच वाक्य वापराचं उदाहरण म्हणून घालतो. ऑफिसातल्या बाई खूश होतील.

खात्री करून घ्यावी म्हणून कार्ड घेऊन बाहेर गेलो. फायनल सुरू झाली होती. सोफ्यावर तिघी. चौथ्याची जागा नव्हती. खाली बसलो. मेट्रननी पाय थोडेसे आवरले. मी कार्ड पुढे केलं आणि विचारलं, मघाशी तुम्ही ‘पण’ म्हणालात, तो नेमका कुठल्या अर्थाने?

कन्या म्हणाली, बाबा, जरा सरक ना, दिसत नाहीये.