दहापैकी सात

मु. वरवट बकाल
शुक्रवार

आदरणीय बाईस,
धाकट्या इंद्रभानचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे, भाऊजींचा खोकला थांबला का, हे आधी विचारतो, कारण पुढे विचारायला तोंड राहील असं वाटत नाही. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. धम्मशीलाची शुगर ताब्यात आहे, माझी जीभ मात्र नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. (भाऊजी 'वाचून दाखव' म्हणाले तर चष्मा सापडत नाही असं सांग आणि एकटीने वाच.) खिशात फोन असताना हा मला पत्र काऊन लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच 'मंग काय झालं' म्हणतेस आणि माझी हिंमत जाते. शिवाय मंगळवारी मी फोनवर जे बोललो, तेच तर निस्तरायचं आहे.

मंगळवारी तू तुझ्या प्रसेनजितसाठी सांगून आलेल्या नांदुऱ्याच्या रेणुकाचा फोटो पाठवलास. मुलगी खामगावच्या शोरूममध्ये गाड्या विकते, तू तिथूनच गाडी घेतलीस, तर कशी आहे ते सांग, असं म्हणालीस. मी फोटो पाहिला आणि पाणीसुद्धा न पिता सांगितलं, "राहू दे बाई, ही सोयरीक काही जमायची नाई." तू कारण विचारलं नाहीस. मामाने नाही म्हटलं की आपल्या घरात विषय संपतो, ही पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण आजवर मला तिचा फार अभिमान होता. तर रविवारी तू नांदुऱ्याला नकार कळवणार आहेस, त्याआधी हे वाच. त्या पोरीत काही खोट नाही. ती मला ओळखते, म्हणून मी नाही म्हणालो. आता ती मला कशी ओळखते ते सांगतो, आणि ते थोडक्यात सांगता येण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर धम्मशीला म्हणाली की आयुष्यभर यष्टीच्या मागच्या सीटवर बसून हाडं खिळखिळी झाली, आता गाडी घ्या. मी आधी गेलो दुसऱ्याच एका शोरूममध्ये. (गावाचं नाव लिहीत नाही, तिथे आपली सोयरीक आहे.) शेतातून परस्पर गेलो होतो, पायजम्याला चिखल होता, हे कबूल करतो. तिथल्या टाय घातलेल्या माणसाने मला पाहिलं आणि "काका, ट्रॅक्टरचं दुकान पुढं आहे" असं म्हणून फोनवर बोलत आत गेला. मी सोफ्यावर दीड तास बसलो. तेवढ्यात गळ्यात चेन घातलेला एक जण आला, त्याला सरबत मिळालं आणि मला उठून त्याला जागा द्यायला सांगितलं. मी दिली. बाई, चौतीस वर्षं मास्तर होतो, वर्गात शिरलो की साठ पोरं उभी राहायची, आणि तिथे मी एका सरबतासाठी उभा राहिलो. घरी आल्यावर तीन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि त्या तीन दिवसांत मी ठरवलं की आता जाईन तर तयारीनिशी जाईन.

तयारी म्हणजे इस्त्रीचे कपडे, आणि दुसरं म्हणजे कडूबा. आमच्या शेजारचा कडूबा तुला माहीत आहे, ज्याने बैलबाजारात चाळीस वर्षं दलाली केली आणि ज्याला आजवर कुणी फसवलं नाही असं तो स्वतःच सांगतो. त्याला घेऊन, धम्मशीलाला घेऊन मी खामगावला गेलो. दारातच ही पोरगी आली. खुर्च्या दिल्या, पंखा लावला, पाणी आणलं, चहा आणला. आता पाहा माझ्या डोक्याची तऱ्हा. पहिल्या ठिकाणी पाणी दिलं नाही म्हणून मी रागावलो होतो, आणि इथे देतात म्हणून मला संशय आला. जितका चहा गोड, तितका मी सावध. कडूबाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरवर बोट दाबून पाहिलं, मागचं झाकण उघडून आत डोकं घातलं आणि विचारलं, "पोरी, उन्हाळ्यात बसकन त मारत नाई न?" दुसरी कुणी असती तर हसली असती. ती गंभीरपणे म्हणाली, "सर्व्हिसिंग टायमावर केली त नाई मारत, काका." मग आम्हा तिघांना बसवून तिने स्वतः शेगाव रोडला चक्कर मारून आणली. खड्डा आला की आधी सांगायची, धम्मशीलाच्या कमरेला धक्का बसू नये म्हणून.

मग आला भावाचा प्रश्न. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. दोघांच्या हातांवर शेला टाकायचा आणि खाली बोटं दाबून किती ते सांगायचं, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. बाईमाणसाचा हात कसा धरावा म्हणून कडूबाने मॅनेजरला बोलवायला सांगितलं. कुलदीप नावाचा नागपूरचा तरुण माणूस हसत आला आणि त्याने शेकहँडसाठी हात पुढे केला. कडूबाने त्यावर शेला टाकला. आत त्याने पाच बोटं दाबली, म्हणजे पन्नास हजार कमी करा. कुलदीपला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची मायेची काही रीत असेल, तर त्याने दुसराही हात आत घालून कडूबाची पाची बोटं प्रेमाने दाबली. कडूबाने शेला झटकून खांद्यावर टाकला आणि जाहीर केलं, "सौदा झाला." मी खिशातून पेढ्याचा पुडा काढला (घरूनच नेला होता) आणि तिथे बसलेल्या अनोळखी गिऱ्हाइकांनासुद्धा वाटला. कुलदीपने दोन खाल्ले.

थोड्या वेळाने रेणुकाने छापलेला कागद आणून दिला आणि त्यावर किंमत पूर्ण. कडूबा म्हणाला, हातानं झालेला सौदा तोंडानं फिरवता काय. कुलदीप म्हणाला, काका, मी तर फक्त हात मिळवला. आता इथे कुणीही शहाणा माणूस हसला असता आणि विषय मिटला असता. मी उठलो. ते तीन दिवसांचं न गेलेलं जेवण, ते सरबत, तो टायवाला, सगळं माझ्या घशात आलं, आणि कुलदीप उंच होता म्हणून मी समोरच्या पोरीवर ओरडलो. कागद तिने आणला, एवढाच तिचा गुन्हा. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पण एक वाक्य लिहिलंच पाहिजे, कारण त्यासाठीच एवढा कागद खर्ची घातला. मी म्हणालो, "ज्या घरात तू सून म्हणून जाशील न, त्या घराचे दिवस भरले समज." सगळं शोरूम ऐकत होतं. तिने माझा कप उचलला. म्हणाली, "सर, चहा थंडा झाला, दुसरा आणते."

बाई, ते घर तुझं आहे.

मी तरातरा बाहेर पडलो, पण धम्मशीला शोरूमच्या त्या गाडीतच बसून होती आणि उतरायला तयार नाही. म्हणाली, "मी त नाई उतरत. तुमाले जायचं अशीन त जा यष्टीनं." तिच्यामुळे गाडी घेतली, छापलेल्या किमतीत. गाडी न्यायला गेलो त्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे नारळ-कुंकवाचं ताट तयार होतं. रेणुकाने ते आवाज न करता बाजूला ठेवलं आणि पांढरी फुलं आणि मेणबत्ती आणली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. धम्मशीलाने 'जय भीम' म्हटलं तेवढं तिने ध्यानात ठेवलं असावं. आम्ही त्रिशरण म्हटलं, मग पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली माझ्या हातात देऊन फोटो काढला. त्या वेळी 'पोरी, माझं चुकलं' एवढे तीन शब्द म्हणायला काय लागत होतं. पण हातात एवढी मोठी किल्ली असताना माफी कशी मागायची ते मला सुचेना.

म्हणून मी भरपाई करायचं ठरवलं. आठ दिवसांनी कंपनीचा फोन आला, सेवेला एक ते दहापैकी किती गुण द्याल. मला वाटलं, ही चांगली संधी. मी खूप विचार करून सात दिले. तुला माहीत आहे, चौतीस वर्षांत मी कुणाला सहाच्या वर दिलं नाही. सात म्हणजे माझ्याकडून सत्कारच. वर शेराही दिला, 'प्रगती समाधानकारक, बोलण्यात धीटपणा यावा.' (जिला मी बोलूच दिलं नाही तिला.) फोन ठेवला आणि धम्मशीलाला म्हणालो, पोरीचं भलं केलं आज.

नंबरप्लेट बसवायला गेलो तेव्हा रेणुका दिसली नाही. चहा देणाऱ्या सिंधूताईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चहा नको म्हणावंसं वाटलं. म्हणाल्या, "तुमी सातच देले न, सर. इथं नवाच्या खाली म्हंजे नापास. म्हून तिले मांगं कागदं भराले बसवलं." मी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला आणि म्हणालो दहा करा. तिकडून उत्तर आलं की एकदा दिलेले गुण बदलत नाहीत. हे वाक्य मी स्वतः किती पालकांना ऐकवलं असेल, आणि दर वेळी किती ताठ मानेने. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, ती खाली मान घालून लिहीत होती. मी आत जायला हवं होतं. मी गाडीत बसलो, दोनदा गाडी बंद पाडली आणि घरी आलो. तो सोमवार होता. मंगळवारी तू पाठवलेला फोटो आला.

आता कळलं ना मी नाही का म्हणालो. ती सून म्हणून आली तर लग्नात, बारशात, दर जयंतीला माझ्यासमोर उभी राहील आणि सगळ्यांसमोर 'मामा, चहा' म्हणेल, आणि ते वाक्य आम्हा दोघांनाच आठवेल. तेवढं टाळायला मी एका चांगल्या पोरीचं आणि आपल्या प्रसेनजितचं जमत असलेलं मोडायला निघालो होतो. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "मामा, तुमी पाह्यलं म्हन्ता त ठीक आहे." त्यानेही कारण विचारलं नाही. त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला फोटो आवडला होता. तेव्हापासून मी घरात कुणाशी नीट बोललेलो नाही, मला माझीच लाज वाटते.

नकार कळवू नकोस. त्यांना हो म्हणायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील, आणि रेणुकाने माझ्या नावावर नाही म्हटलं तर तिला दोष देऊ नकोस. भाऊजींना जय भीम.

तुझाच,
इंद्रभान

ता. क. : हे पत्र तुला कडूबा आणून देईल. पन्नास हजार सुटले, असं तो अजून गावभर सांगतो, तुलाही सांगेल. त्याला ऐकून घे आणि चहा पाज.

ता. क. दोन : एवढं गाडीत बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. पत्र टपालाने पाठवलं तर रविवारच्या आत मिळणार नाही म्हणून आम्ही आज शनिवारी सकाळीच निघालो. कडूबाला पत्र देऊन आत पाठवतो आणि तसाच मागे फिरतो, असं ठरवून आलो होतो. पण तुमच्या रोहिणखेडची ही मशिदीमागची गल्ली पुढे बंद आहे हे मी विसरलो, आणि गाडी मागे घ्यायला मी अजून शिकलेलो नाही (ड्रायव्हिंगच्या शिकवणीत तेवढं तिथला मास्तर स्वतःच करायचा). तुझ्या दारापासून चार घरं अलीकडे उभा आहे. मागे एक बैलगाडी येऊन थांबली आहे आणि गाडीवान म्हणतो हॉर्न वाजवा, कुणीतरी मदतीला येईल. तर विनंती एवढीच, प्रसेनजितला गाडी मागे घ्यायला पाठव. त्याला आधी काही सांगू नकोस. तो शेजारी येऊन बसला की मीच सांगेन.