खुंटीवरच्या बॅजची मात्रा माझ्या नातवंडाच्या नावे लावू नये

प्रति,
मा. किरण सुरक्षा अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : खुंटीवर टांगलेल्या बॅजने घेतलेली किरणांची मात्रा माझ्या सुनेची व तिच्या पोटातील बाळाची मानली जाऊ नये, व तसे शुक्रवारपर्यंत लेखी मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र. त्यावर आपली सही आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार ही आवक-जावक विभागात उभी हयात घालवलेली निवृत्त लिपिक असून, कागद कसा टोलवावा हे तिला आपल्याइतकेच ठाऊक आहे. सबब हा अर्ज ‘योग्य त्या विभागाकडे’ पाठवू नये. योग्य विभाग आपलाच आहे, अशी मी खाली शिपायाकडून खात्री करून घेतली आहे.

२. माझी सून रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. अंगाला किती किरण लागले हे मोजणारा एक छोटा बॅज तिथल्या प्रत्येकाला छातीवर लावावा लागतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीसाठी आपल्याकडे येतो. त्या विभागात पडलेली पद्धत अशी, की बॅज कपड्यांना न लावता किरण अडवणाऱ्या शिशाच्या अ‍ॅप्रनलाच कायमचा अडकवून ठेवायचा, म्हणजे तो घरी विसरत नाही. अ‍ॅप्रन अंगात होता तोवर या पद्धतीने कोणाचे काही बिघडले नाही.

३. सुनेला दिवस राहिले. अ‍ॅप्रनच्या ओझ्याने तिची कंबर भरून येऊ लागली. विभागाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगं, तू भिंतीआड उभी असतेस, वर हे ओझं कशाला वागवतेस?” तेव्हापासून अ‍ॅप्रन खुंटीवर गेला, आणि त्याच्यासोबत बॅजही. खुंटी नेमकी छातीचे एक्स-रे काढतात त्या फळीला लागून आहे. म्हणजे सून भिंतीआड, शिशाच्या काचेमागे सुरक्षित, आणि बॅज मात्र येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या शेजारी उभा राहून किरण खात होता. आपला अहवाल आला : अडतीस मिलिसिव्हर्ट. त्याआधीच्या कुठल्याही तिमाहीत नोंद घेण्याजोगे काही निघाले नव्हते. पोरीने बाळाला जपायला म्हणून जे केले, तेच तिच्या अंगाशी आले.

४. आम्ही खुलासा पाठवला. आपण कळवलेत, की बॅज ज्याच्या नावे, मात्रा त्याच्या नावे. शिवाय ‘सदर काळात कर्मचारी खुंटीजवळ उपस्थित नव्हती याचा पुरावा सादर करावा’. महोदय, माणूस तीन महिने खुंटीला टांगून राहत नाही, याचा पुरावा कोणत्या कार्यालयात मिळतो? खुंटीचा जबाब घ्यायचा असल्यास ती जागेवरच आहे. रक्ताची तपासणी करून खरे-खोटे ठरवता येते असे कळले, म्हणून तीही मागितली. तर ‘पुढील तिमाहीत विचार होईल’. पोटातले बाळ तिमाही बघून थांबत नसते.

५. त्याच पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे : ‘शून्य धोका प्रमाणित करता येत नाही. गर्भाबाबत कुटुंबाने उचित निर्णय घ्यावा.’ या दोन वाक्यांनी आमच्या घराची दशा झाली. सुनेची नणंद, म्हणजे माझीच लेक, आपली मुले तिच्या खोलीत जाऊ देत नाही. विहीणबाई लेकीला भेटायला आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून गेल्या. एक्स-रे म्हणजे काही कांजिण्या नव्हेत; दिवा मालवला की उजेड खोलीत साठून राहत नाही, हे मी सगळ्यांना सांगून दमले. ऐकतो कोण? सरकारी कागदापुढे सासूचे काय चालणार!

६. मी स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी समजावले ते असे. नोकरीतल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी वीस आणि पोटातल्या बाळाला एक, ही नियमाची मर्यादा. ती ओलांडणे वाईटच, पण मर्यादा म्हणजे विहिरीपासून लांब घातलेले कुंपण. कुंपण ओलांडले म्हणजे विहिरीत पडले असे नव्हे. बाळात व्यंग निर्माण होण्याची भीती साधारण शंभरच्या पुढे धरतात. अडतीस खरोखर अंगावर आले असते तरी, पुढेमागे कर्करोगाची शक्यता किंचित वाढली असती, एवढेच. त्यासाठी मूल पाडायला त्यांनी सांगितले नसते. आणि काहीही किरण न लागता जन्मणाऱ्या शंभर बाळांतही दोन-तीन बाळांत काही ना काही दोष निघतोच. मी म्हटले, “बाई, एवढंच कागदावर लिहून द्या.” त्या म्हणाल्या, “साहेबांचं पत्र आलंय, त्याच्यावर मी कसं लिहू?” तोंडी सगळे शूर आहेत, महोदय. लेखणी मात्र कोणी उचलत नाही.

७. माझा मुलगा वाईट नाही, घाबरला आहे. तो म्हणतो, “आई, शंभर टक्के खात्री कोण देणार?” मी म्हटले, “तू पोटात होतास तेव्हा मला कोणी दिली होती?” त्यावर तो उठून बाहेर गेला. त्याने शनिवारी सकाळची वेळ घेऊन ठेवली आहे. कसली, हे मी अर्जात लिहिणार नाही, आपल्याला समजते. भीती मलाही वाटते. नाही म्हणून लिहिले तर खोटे होईल. पण चुकीच्या आकड्यापायी बाळ गेले आणि पुढच्या तिमाहीत आपल्याकडून दुरुस्तीपत्र आले, तर ते मी कोणाच्या हातात देऊ?

८. सुनेला पाचवा महिना लागला आहे. परवा ती भांडी विसळत होती. मध्येच हात थांबले, नळ तसाच वाहत राहिला. मी ओळखले. विचारले, “हललं का गं?” तिने मान हलवली आणि म्हणाली, “आई, ह्यांना सांगू नका.” पहिल्यांदा बाळ हलले ते घरात लपवावे लागले.

९. तरी विनंती, की (अ) आपला माणूस पाठवून खुंटी व फळी यांतील अंतर पाहून घ्यावे, व अडतीस ही मात्रा बॅजची आहे, बाईची नाही, असे लिहून द्यावे. (आ) ते शुक्रवारपर्यंत होणार नसेल, तर एवढी मात्रा खरी धरली तरी केवळ तेवढ्यावरून मूल पाडण्याचे कारण नाही, एवढे एक वाक्य तरी द्यावे. (इ) तेही नियमात बसत नसल्यास, आपण स्वतः आमच्या घरी यावे आणि माझ्या मुलासमोर दहा मिनिटे बसावे. शिक्का आणला नाही तरी चालेल.

पत्राची वाट न पाहता मी शुक्रवारी कार्यालय उघडल्यापासून आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहीन.

आपली नम्र,
(सही)
सदर कर्मचाऱ्याची सासू

दिनांक : आज, मंगळवार

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) मागील अहवालांच्या प्रती.
३) खुंटीचा फोटो.
४) सोनोग्राफीचा फोटो. मूळ प्रत आहे. सून मागत नाही, पण मला परत हवी आहे.