दोरीच्या लाल मुठी

नागपूर, शनिवार, १२ जानेवारी १९७४

उद्या लेकीला, सुमीला, संक्रांतीसाठी पारशिवनीहून आणायचं आणि आजच मोटारीच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली! इंजिनचं हेड खोलायला वेळ कुठला? प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुती दोरी भरायची, हँडल मारून पिस्टन वर आणायचा. मग दोरीच्या आधारानं व्हॉल्व्ह आत पडत नाही, वरूनच स्प्रिंग बदलता येते. पण दोरी? घरात सापडली ती सुमीची, उड्या मारायची. लाकडी मुठींचा लाल रंग अजून तसाच. भोकात मूठ जाईना, म्हणून कात्री घेतली.

ही धावत आली. "मुठी कापसान तर पाहा!"

"सुमी काय आता सासरी उड्या मारून राहिली का वं?"

बोललो खरा, पण कात्री चालेना. याच अंगणात मी मोटारीखाली असायचो आणि ती शेजारी उड्या मोजत... शेवटी दोरी मधोमध दुमडून आत सरकवली. दोन्ही मुठी बाहेर लोंबत राहिल्या. स्प्रिंग बसली.

काळी झालेली दोरी हिनं सोड्यानं धुऊन वाळत घातली. आत्ता लिहिताना अंगणात ठप ठप ऐकू आलं. सुमी? छे. खिडकीतून पाहिलं, तर पदर खोचून, लाल मुठी घट्ट धरून हीच उड्या मारत होती.

मनातल्या मनात मोजू लागलो.