बाबांच्या गोळ्या

ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तू एकटीच वाच.

पोटात नळी घालून तपासलं. आत जखम आहे, तुकडा तपासायला दिलाय. डॉक्टरने विचारलं, "जळजळीच्या गोळ्या किती वर्षं खातोस?" म्हटलं, "चार." त्याने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, पोटातलं आम्लच घालवलंस! आम्ल कमी झालं की जंतू माजतात. खाण्यापिण्यातल्या नायट्रेटचं ते नायट्राइट करतात, त्यातून घातक काहीतरी तयार होऊ शकतं." नावं त्याच्या चिठ्ठीवरून उतरवली आहेत.

आमच्या कारखान्यात मांस मुरवायच्या मिठातही तेच नायट्राइट असतं. उरलेले तुकडे फुकट मिळतात, म्हणून मी रोज तेच खायचो आणि वर गोळी. यानेच झालं असं डॉक्टर म्हणत नाही, पण माझं मन खातं.

ताई, त्याच गोळ्या मी बाबांना डबे भरून पाठवत आलो. पोराने पाठवल्या म्हणून अजून सगळ्यांना दाखवतात का गं? त्यांना लगेच डॉक्टरकडे ने. आता डबा येणार नाही. विचारलं तर सांग, पोरगा विसरला. दोन शिव्या हासडतील, हासडू देत.

तुझं,
शेंडेफळ