पाच दोऱ्यांची डबी

दादा, तुमची ती गाण्यांची डबी काल सापडली. तुमच्या मागे आई आता आमच्याकडे राऊला राहायला आली आहे, म्हणून सुदामा नगरचं घर रिकामं करत होते. तुमच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, मिलच्या ओळखपत्राखाली, ती खोक्यासकट होती. एमपी थ्री प्लेयर हे नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, तुमच्यासाठी ती डबीच. मागचं झाकण उघडलं तर आतला सेल फुटून वाहिलेला. हिरवट पांढरा चिकट थर, त्याचा आंबट वास, आणि तो बोटांना लागला तो दोनदा साबणाने धुतला तरी जाईना. कानात घालायच्या बोंडांवरचा स्पंज विरघळून त्याचं काळं लिबलिबीत काहीतरी झालं होतं. मला शिसारी आली, आणि खरं सांगायचं तर ती फक्त त्या घाणीची नव्हती. वायरीवर मात्र तुम्ही बांधलेले पाच लाल दोरे जसेच्या तसे होते, एकही गाठ सैल नाही. माझी मुलगी शेजारी बसून रद्दी बांधत होती. तिने विचारलं, "मम्मी, हे धागे कशाला बांधलेत? डेकोरेशन आहे का?" मग मी तिला तिच्या आजोबांचं सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं.

शाळेच्या सुट्टीच्या दिवशी तुमचा जेवणाचा डबा घेऊन मी मिलमध्ये यायचे, तिथून मी सुरुवात केली. फोल्डिंग खात्यातली ती खिडकीजवळची जागा मला अजून दिसते. तिरकं टेबल आहे, वरून कापड सरकत खाली येतंय, आणि तुम्ही त्यावर तळहात टेकवून उभे आहात. डोळ्यांच्या आधी तुमच्या हाताला कळायचं. कुठे सूत तुटलेलं, कुठे तेलाचा डाग, कुठे वीण विरळ. तुम्ही कापड थांबवायचात आणि बरोबर त्या जागेसमोर, किनारीला, एक छोटा लाल दोरा बांधायचात. घेणाऱ्याने दोरा पाहिला की त्याला कळायचं, इथे काहीतरी आहे, बघून घ्या. मी एकदा विचारलं होतं, आपल्याच मिलच्या कापडाची बदनामी तुम्ही स्वतः का करता? तुम्ही हसलात. "खोट तर हर थानात निघते बेटा. दोरा बांधला तर ती खोट. नाही बांधला, तर मग चोरी."

मग मिल बंद झाली. गेटला कुलूप लागलं, सभा झाल्या, भाषणं झाली, आणि सगळे आपापल्या घरी येऊन बसले. तुम्ही बसला नाहीत. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तपासायचं काम धरलंत. अकराव्या दिवशी परत आलात. वाकडी झाकणं तुम्ही टोपल्या भरभरून बाजूला काढत होतात आणि मालक म्हणाला होता, "अंकल, इतना छाँटोगे तो बेचेंगे क्या?" घरी हे सांगताना तुमच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. राग मला आला, पण मालकाचा नाही, तुमचा आला. घरात कमावणारं कोणी नव्हतं आणि तुम्हाला झाकणांचा वाकडेपणा सुचत होता. बाहेर सगळा बाजार नव्या मालाने ओसंडत होता. चकचकीत, हलका, आठवड्यात मोडणारा. "चलता है भिया" हा शहराचा मंत्र झाला होता आणि मी तो चटकन पाठ केला.

जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या दुकानात मी काउंटरवर उभी राहायला लागले आणि तुम्ही रोज संध्याकाळी सायकल घेऊन मला न्यायला यायला लागलात. तिथे या गाण्यांच्या डब्या ऐकवून दाखवायला एकच इअरफोन होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो या कानातून त्या कानात जायचा. घाम, तेल, मळ, कुणाचं पिवळं मेण त्या स्पंजमध्ये बसलेलं, आणि मी तो हसतमुखाने पुढच्या माणसाला द्यायचे. एकदा तुम्ही ते पाहिलंत, खिशातून रुमाल काढून बोंडं पुसलीत आणि तो रुमाल परत खिशात न ठेवता हातातच धरून उभे राहिलात. मी मात्र बोलत असायचे. बघा सर, काडेपेटीएवढी, खिशात पत्ता लागत नाही. शंभरावर गाणी. कॅसेटसारखी टेप गुंडाळायची नाही, बाजू पालटायची नाही, चालताना अडखळत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. आवाज खरोखर स्वच्छ होता, हे तुम्हीही कबूल केलंत. पण खोक्यावर पंधरा तास लिहिलेला सेल पाच तासांत मान टाकायचा, हे मी सांगत नव्हते. घरी कॉम्प्युटर नसेल तर एक गाणंसुद्धा बदलता येणार नाही, दर वेळी आमच्याच दारात यावं लागेल, हेही नाही.

आणि मग ते काका आले. तुमच्या मिलमधले, विणाई खात्यातले, मागांच्या खडखडाटात अर्धे कान घालवून बसलेले. मिल गेल्यावर ते राऊच्या एका कॉलेजात चौकीदार झाले होते. काकूंना लकवा झाला होता, वाचा गेली होती, डावं अंग पडलं होतं. सकाळी त्यांना खाऊ घालून काका ड्यूटीवर जायचे, आणि मग दुपारी शेजारीण पाणी पाजून जाईल तेवढंच, बाकी दिवसभर त्या एकट्या. टेप लावून दिला तर अर्ध्या तासात कॅसेटची बाजू संपायची आणि पालटायला कोणी नाही. त्यांना भीमगीतं आवडायची, लग्नाआधी त्या स्वतः कोरसमध्ये गायच्या. काका म्हणाले, "बेटी, असं काही दे, जे एकदा लावलं की चलतं राहील. तिला हात लावायला नको." मी डबी काढून दाखवली. तुम्ही शेजारीच उभे होतात. तुम्ही मला विचारलंत, अगदी खात्यात विचाराल तसं, "याच्यात खोट काय आहे?"

मी म्हणाले, "काही नाही दादा."

तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि काकांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणालात, "घेऊन घ्या भिया. माझी पोरगी सांगते." सव्वीस वर्षं तुम्ही दुसऱ्या कुणाच्या शब्दावर कापडाचा तागा पुढे सोडला नव्हता. त्या संध्याकाळी माझ्या शब्दावर सोडलात. मी त्यांच्यासाठी गाणी भरली, खोकं पिशवीत घातलं, आणि सायकलच्या कॅरियरवर बसून तुमच्याबरोबर घरी आले. वाटेत तुम्ही खुशीत होतात.

एकोणीस दिवस ती चालली. काका रोज संध्याकाळी आठवणीने नवा सेल घालायचे. काकू उजव्या हाताने पलंगाच्या कडेवर ताल धरतात, हे सांगायला ते मुद्दाम आपल्या घरी आले होते. नंतर ती बंद पडली, पण ते कुणाला कळलंच नाही. टेप बंद पडला तर खोली गप्प होते, चाकं थांबलेली दिसतात. या डबीचं तसं नाही. बाहेरून ती चालू काय आणि बंद काय, सारखीच. काका सकाळी बटण दाबायचे, बोंडं काकूंच्या कानात बसवायचे आणि निघून जायचे. काकूंना बोलता येत नव्हतं, आणि उजव्या हाताने कान मोकळे करण्याएवढी ताकद नव्हती. किती दिवस त्या कानात ती मुकी बोंडं खुपसून छताकडे बघत पडल्या असतील? काका चार म्हणाले, पण ते अंदाजाने. हाताचा ताल थांबला म्हणून एका रविवारी त्यांनी सहज एक बोंड आपल्या कानात घालून पाहिलं. आधी त्यांना वाटलं, आपलाच कान गेला.

ते खोक्यासकट डबी घेऊन आपल्या घरी आले आणि तुमच्या पलंगावर ठेवली. "भिया, चलत नाही," एवढंच म्हणाले. तक्रार नाही, काही नाही. चिनी मालाला गॅरंटी नसते हे मी सांगायला लागले, तर तुम्ही हात वर करून मला गप्प केलंत. मग आठवडाभर तुम्ही ती डबी घेऊन खिडकीत बसलात. कधी चालायची, कधी मध्येच मरायची. तुम्ही सेल बदलत होतात, घड्याळ बघत होतात, वायर बोटांतून सरकवत होतात. एक दोरा सेलचा. एक वायर जिथे दुमडते तिथे, आतली तार तुटून एक कान बंद होतो त्याचा. एक कॉम्प्युटरचा. एक त्या तांदळाएवढ्या बटणांचा, जी जाड बोटांना कळत नाहीत. आणि पाचवा, जिथे वायर दोन कानांसाठी फुटते तिथे, सगळ्यात घट्ट. "चालू आहे की बंद, दुसऱ्याला समजत नाही," तुम्ही आईला म्हणालात. "ही सगळ्यात खराब खोट."

तुम्ही ती घेऊन दुकानात आलात तेव्हा काउंटरवर एक गिऱ्हाईक तशीच डबी बघत होतं. तुम्ही वायर पसरलीत आणि अगदी अदबीने त्याला एकेक दोरा दाखवायला लागलात. "घ्या, आवाज मस्त आहे. बस, हे देखून घ्या." तो माणूस दुसऱ्या दोऱ्यालाच निघून गेला. शेठजींनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, सगळ्यांसमोर, तुम्हाला म्हणाले, "दादा, ही मिल नाही. मिल बंद झाली." तुम्ही कापडाची घडी घालावी तशी वायरीची घडी घातलीत, खिशात ठेवलीत आणि पायरी उतरलात.

त्यानंतर तुम्ही दुकानात पाऊल टाकलं नाहीत. न्यायला रोज येत होतात, पण रस्त्यापलीकडे सायकल धरून उभे राहायचात. आपला टेप तुम्ही काकूंच्या घरी नेऊन ठेवलात आणि रोज दुपारी उन्हातून सायकल मारत तिथे जायला लागलात. कॅसेटची बाजू पालटायला. एक बाजू संपेपर्यंत उंबऱ्यावर बसायचं, पालटायची, परत बसायचं. काकू गेल्या तोपर्यंत, दोन वर्षं, तुमचा हा नेम चुकला नाही. मला वाटायचं, रिकामा माणूस, वेळ घालवतोय. मी आईला तसं म्हटलंही होतं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. तुम्ही मला परत कधी कशातली खोट विचारली नाहीत. ना बाजारातून आणलेल्या साडीतली, ना पंख्यातली, ना मला बघायला आलेल्या मुलातली. मी धरून चालले होते की दुकानातलं ते वाक्य तुम्हाला लागलं. इतकी वर्षं मी त्या एका वाक्याचीच माफी मनात घोळवत होते.

काल मुलीला पाचही दोरे एकेक करून दाखवले. कोणता कशाचा, तुम्ही कसे तपासायचात, सगळं. थोडी फुशारकीच मारली म्हणा ना. बोलता बोलता तिने ते रिकामं खोकं उचललं. ते खोकं, दादा, मी बंद केलं होतं. ती डबी काकांच्या आधी एका विद्यार्थ्याने नेली होती आणि चौथ्या दिवशी आणून आपटली होती, आपोआप बंद पडते म्हणून. शेठजी म्हणाले होते, "पोंछ के पैक कर दो." मी बोंडांवरचा त्या मुलाच्या कानातला मळ कापसाने काढला, डबी खोक्यात घातली, आणि फाटलेल्या चिकटपट्टीवर बरोबर रेषेत दुसरी चिकटपट्टी लावली. कुणाला कळणार नाही अशी. आणि काकांना तीच दिली, कारण ती आधी संपवायची होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाही ते कळलं नव्हतं, असं मला कालपर्यंत वाटत होतं.

त्या पट्टीवर, जिथे एक पट्टी संपून खालची दुसरी सुरू होते बरोबर तिथे, सुईने ओवून बांधलेला एक लाल दोरा आहे.

म्हणजे दुकानात आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. वायर तुम्ही आणलीत, खोकं घरीच ठेवलंत. मालाची खोट गिऱ्हाइकाला दाखवलीत आणि माझी पेटीत ठेवून दिलीत. आणि मग दोन वर्षं उन्हातून जाऊन माझ्या वाट्याची कॅसेट पालटत राहिलात. कालपासून मला माझ्या हातांची किळस येते आहे, आणि ती त्या सेलच्या आंबट वासाची नाही. हा कागद मी त्याच खोक्यात घालून ठेवणार आहे, दुसरं कुठे पाठवू?

पण एक राहिलं. मुलीने तो दोरा बोटाने वर उचलला आणि विचारलं, "आणि हा सहावा कशाचा, मम्मी?" मी म्हणाले, "काही नाही गं, असाच राहिला असेल." तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मान डोलावली आणि परत रद्दी बांधायला लागली.