घरात पाण्याची लाइन, आणि मला पत्ता नाही

आदरणीय साडूभाऊंना साष्टांग दंडवत (कमरेमुळे मनातल्या मनातच घालतो आहे, गोड मानून घ्या).

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो, असं लिहिलं होतंत. वाजू द्या. माझ्या अनुभवात वाजणारी वस्तू टिकते, गुपचूप बसणारी दगा देते. ताईंचा खोकला आता बरा असेल. इकडे सगळं खुशाल आहे, आणि खरं सांगायचं तर तीच शंकेची बाब आहे. आमची कन्या महिनाभर माझ्याशी गोड बोलते आहे. जेवताना वाद नाही, मी आधी पेपर पळवला तरी भुवई वर नाही. तुम्ही जन्मभर तपासनिसाची नोकरी केलीत, तुम्हाला वेगळं काय सांगू? माणूस उगाच गोड होत नाही.

तर झालं असं. मंगळवारी मी तिच्या खोलीत कात्री आणायला गेलो (कात्री स्वयंपाकघरात होती हे मला माहीत होतं, पण ते असो). टेबलावर चौकटींचा कागद आणि त्यावर पेन्सिलीने काढलेला नकाशा. एक टाकी, एक पंप, दोन रेडिएटर आणि या सगळ्यांतून फिरून परत टाकीला येणारी लाइन, काटकोनातले सात बाक! माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोरगी वेगळं घर बांधते आहे, आणि एकतीस वर्षं लोकांच्या घरात नळ घालणाऱ्या बापाला एका शब्दानं विचारत नाही! मी खांद्यावर पाइप वाहण्यापासून सुरुवात केली, साडूभाऊ. आज इथल्या इस्पितळाची लाइन मी हो म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. आणि माझ्याच लेकीच्या घरात दुसऱ्याच कुणाच्या सल्ल्यानं नळ पडणार? मग मापं वाचली. टाकीची उंची वीस सेंटिमीटर. एवढ्याशा पाण्यात चिमणीसुद्धा पाय धुऊन निघून जाईल, अंघोळीचं नाव काढणार नाही. म्हणजे घर नाही. मग काय?

बंद भिंतीआडची गळती कान लावून सांगणं हा माझा धंदा, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीबाहेरच्या भिंतीला कान लावला तो निव्वळ सवयीनं. ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. “अगं, बाबांना कळता कामा नये. ते नळकाम करतात म्हणूनच तर! एकदा त्यांनी हात लावला की संपलं.” पुढचं ऐकू आलं नाही, कारण मागे आमची ही उभी होती. “भिंत गळते आहे का हो?” म्हणाली. मी होय म्हणालो. आता ती रोज विचारते, कधी दुरुस्त करणार म्हणून.

शुक्रवारी तिच्या नावानं टाकी-नळ्यांचं खोकं आलं आणि मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तेव्हा उलगडा झाला. तिचा टेबलावरचा कॉम्प्युटर! ती इमारतींची चित्रं काढते, त्या वेळी तो इतका तापतो आणि आतले पंखे असे किंचाळतात की गिऱ्हाईक फोनवर विचारतं, तुम्ही गिरणीत बसता का? सोमवारपासून तिचं आजवरचं सगळ्यात मोठं काम सुरू होतं आहे, म्हणून तो पाण्यानं गार करायचा.

“विजेच्या पेटीत पाणी?”

“बंद लाइन आहे, बाबा. तेच पाणी फिरत राहतं.”

“आणि गळलं तर?”

“नाही गळणार.”

साडूभाऊ, “नाही गळणार” या दोन शब्दांवर माझा संसार उभा आहे. लोक ते म्हणतात, आणि आठवड्याभरात मला बोलावतात. मी नकाशावर बोट ठेवून एवढंच विचारलं, पाणी बदलायची वेळ आली तर काढणार कुठून? तिनं पेन्सिल उचलली. लाइनच्या तळाशी एक कॉक रेखाटला आणि “थँक यू, बाबा” म्हणाली, पण सूर “आता निघा” असाच होता. मी निघालो. एवढा नेमका प्रश्न विचारूनसुद्धा मला कामावर घेतलेलं नाही! गळती तपासायला तिनं सायकलच्या पंपासारखं एक खेळणं आणलं आहे. त्यानं आत हवा भरायची, अर्धा किलो (आमच्या धंद्यात दाबही किलोतच मोजतात). अर्ध्या किलोला लाइन घाबरत नाही, ती खोटं बोलते. आमचा नियम सहा किलोचा. पण मी कशालाही हात लावलेला नाही, हे साक्षीदार म्हणून तुम्हाला लिहून ठेवतो. ताईंना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमचा,
साडू (धाकटा, आणि सध्या बिनकामाचा)

ता. क. – हात लावलेला नाही, हे पूर्ण खरं नाही. आज ती बाहेर गेली असताना टाकी माझ्या टेस्ट पंपाला जोडली. पाच किलोपर्यंत सभ्यपणे वागली. सहाला ‘टक्’ झालं. चांगल्या पारदर्शक टाकीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. खोक्यावर दुकानाचा पत्ता तुमच्या गल्लीतला आहे. तशीच एक टाकी उद्याच्या उद्या पाठवा. पत्र लिहायचं खरं कारण हेच. गुडघ्याचीही काळजी होतीच.

ता. क. २ – टाकी नको. कन्या घरी आली, तडा पाहिला, ओरडली नाही. “किती लावलंत?” “सहा.” “तुम्ही आठ लावाल असं मी धरलं होतं,” म्हणाली आणि कपाटातून दुसरी टाकी काढली. वर म्हणते, “बाबा, नळ्या तापवून वाकवायच्या आहेत. माझा प्रत्येक बाक चपटा होतो. तुम्ही येता?” मला जरा नाक शिंकरायला बाहेर जावं लागलं. सातही बाक पहिल्या फटक्यात, गोल गरगरीत. ती नळी धरून होती आणि मी सांगेन तसं ऐकत होती.

ता. क. ३ – टाकी पाठवा. पहिली फुटली म्हणजे मालच संशयास्पद, मग दुसरी न तपासता पोरीच्या कॉम्प्युटरला कशी लावू देणार? या वेळी तीनच किलो लावले होते, तरी ‘टक्’. दोन पाठवा. एक बसवायची आहे.