मला काहीही झालेलं नाही

११ सप्टेंबर

आज मला दमा आहे. काल गुडघे होते. पहिल्या गावात तर हृदय!

मला काहीही झालेलं नाही. साठी उलटली तरी घरी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन जिना एका दमात चढते. पण या परक्या देशात उतरल्यापासून आमची स्वारी मला गावागणिक नवा आजार लावते आहे. हॉटेलात उतरायचं नाही, टॅक्सी करायची नाही. रस्त्यात एखादं मायाळू तोंड हेरायचं, फोन पुढे धरायचा आणि मराठीत बोलायचं, "माझ्या बायकोला बरं नाही. कुठे टेकायला जागा मिळेल का?" फोन ते त्यांच्या भाषेत म्हणून दाखवतो. मग ते तोंड माझ्याकडे वळतं. मग मी खोकायचं!

आज एका ट्रकवाल्यासमोर खोकले नाही. स्वारीने कोपर मारलं. मी कळवळले, तर ट्रकवाल्याला वाटलं खरंच कळ आली. बिचाऱ्याने पुढची सीट मला दिली, स्वतःचा कोट काढून माझ्या पायांवर घातला. मी शरमेने लालबुंद. त्याला वाटलं असणार, तापही आहे.

१२ सप्टेंबर

भांडण. रस्त्याच्या कडेला, बॅगांवर बसून.

"अगं, खोटं कुठे आहे? या वयात प्रत्येकाला काहीतरी असतंच."

जन्मभर लोकांना आजारपणाची भीती घालून विमे विकले या माणसाने. आता माझं आजारपण विकतोय! मी म्हटलं, लोक चांगले आहेत म्हणून किती ओरबाडायचं? ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खायचा का?

तर म्हणतात, "त्यांनाही बरं वाटतं गं, कुणाला मदत केली की."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलून काय उपयोग! फोन यांच्या हातात, भाषा फोनच्या पोटात.

१३ सप्टेंबर

यांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. मी, ब्लँकेटात गुंडाळलेली, हातात कुणीतरी दिलेला सूपाचा वाडगा. खाली ओळ — "माणुसकी अजून जिवंत आहे." आत्तेभाऊ, मावसभाऊ, सगळ्यांचे नमस्कार. सूनबाईने लिहिलं, "आई, जपा हं! बाबा किती करतात तुमचं."

बाबा करतात!!

१४ सप्टेंबर

आज एका इस्त्रीवालीच्या दारात. खाली धुण्याचं दुकान, वर तिची राहायची जागा. दुकानात वाफ, ओल्या सुताचा वास, दांडीवर ओळीने दुसऱ्यांचे शर्ट. बाई माझ्याच वयाची असेल. दंड चांगले भरलेले, केस रुमालात बांधलेले. स्वारीने फोन काढला. आज मला चक्कर येत होती.

इस्त्रीवालीने सगळं ऐकून घेतलं. माझ्या कपाळावर हात ठेवला. मग यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग वरची खोली उघडून दिली. ही खोली ती भाड्याने देते म्हणे, सध्या रिकामी आहे. गरम इस्त्री फिरवलेली चादर घातली. माझ्यासाठी!

चादर इतकी उबदार होती की रडू आलं. आणि ती ऊब चोरून आणलेल्या वस्तूसारखी वाटली, म्हणून आणखी रडू आलं. स्वारी घोरत होती.

१५ सप्टेंबर

राहवलं नाही. स्वारी फोटो काढायला बाहेर पडल्यावर खाली गेले आणि चादरींच्या घड्या घालू लागले. चादरीला दोन माणसं लागतातच. ती एक टोक धरते, मी एक. पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. ना तिला माझी भाषा, ना मला तिची. छान चाललं होतं.

स्वारी परत आली आणि दारातूनच ओरडली, "अगं, चक्कर येतेय ना तुला!"

मी टोक सोडून दिलं. चादर जमिनीवर. तिने ती उचलून पुन्हा धुवायला टाकली.

१६ सप्टेंबर

निघालो. फोन मी मागून घेतला आणि तोंडात आलं तेच बोलले, "बराय, येतो आम्ही." फोनने तिला सांगितलं. तिने फोनमध्ये विचारलं, "कधी?" स्वारी हसत सुटली. हात हलवत म्हणे, "लवकर, लवकर!"

गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आईने लहानपणी इतकं घोटून घेतलं की जिभेला दुसरं येतच नाही. फोन मेला शब्दाला शब्द लावणार! तिला वाटलं असेल, खरंच येणार आहोत.

"विसरेल ती," स्वारी म्हणाली. "माझा नंबर घेतलाय तिने. उपयोगी पडेल कधीतरी."

१८ सप्टेंबर

इस्त्रीवालीचा निरोप आला यांच्या फोनवर. फोनने मराठीत करून दाखवला — "खोली तुमच्यासाठी ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं होतं, नाही म्हटलं. कधी येता?"

माझ्या एका शब्दापायी तिने आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं! मी म्हटलं, आत्ता कळवा, नाहीतर परत चला. तिची समजूत घालायची, माफी मागायची.

"वेडी आहेस का? उद्या हा माळी आपल्याला समुद्रावर नेतोय. फुकट!"

माळी म्हणजे आजचा यजमान. तो आणि त्याची बायको, दोघं देवमाणसं. मी त्या बाईला खुणांनी सांगू लागले, मला परत जायचंय. तिने माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि सावकाश मान हलवली. लहान मुलाशी वागतात ना, तसं.

मला शंका आली. स्वारीला विचारलं, इथे काय सांगितलंय?

स्वारी नखं कुरतडू लागली. "विसराळूपणा सांगितला. म्हणजे... डोक्यावर परिणाम. खोकायला तू तयार नसतेस, मग करू काय?"

म्हणजे आता मी "मला काहीही झालेलं नाही" असं कोकलून सांगितलं, तरी तोच माझा आजार! वा रे वा! माझं शरीर विकून झालं, आज डोकंही विकलं.

१९ सप्टेंबर

सकाळी पिशवी उचलून निघाले. माळ्याच्या बायकोने पळत येऊन फाटकाला कडी घातली. मायेने! मला मिठी मारून घरात नेऊ लागली. वाट चुकलेल्या म्हातारीला धरतात तसं धरलं होतं तिने. तिच्यावर रागावणार तरी कशी? सगळा राग एकाच माणसावर होता, आणि तो माणूस व्हरांड्यात चहा पीत होता.

गेले. यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि सावकाश बोलले, "मला काहीही झालेलं नाही. हा माणूस तुमच्याशी खोटं बोलला. याने सगळ्यांशी खोटं बोलून फुकट राहायला मिळवलं. मला बसपर्यंत सोडा."

फोन ते मोठ्याने म्हणाला. सभ्य आवाजात, एक शब्द न गाळता.

माळ्याने स्वारीकडे पाहिलं. स्वारी हसायला गेली, पण ते हसू चेहऱ्यावर बसेना. माळी उठला, गाडीची किल्ली घेतली आणि फाटकाची कडी काढली.

"अगं, फोनशिवाय काय करशील तू? कोण विचारणार तुला?"

फोन यांच्या चहाशेजारी ठेवला आणि म्हटलं, "बघते."

२० सप्टेंबर

पोचले. वाटेत एकदा चुकीच्या बसमध्ये बसले. मी गावाचं नाव तेवढं सांगितलं, तर कंडक्टर बाईने पुढच्या थांब्यावर स्वतः उतरून मला बरोबर बसमध्ये बसवलं. खोकले नव्हते. लंगडले नव्हते. नुसती उभी होते, गोंधळलेली.

दुकानात शिरले तेव्हा इस्त्रीवाली जेवायला बसत होती. टेबलावर दोन ताटं. एक तिचं, एक रिकामं. मला पाहून तिने काही विचारलं नाही. माझ्या मागे दाराकडेही पाहिलं नाही. खुर्ची ओढून दिली.

जेवले आणि चादरींना हात घातला. तिचं जे नुकसान झालं ते निदान हातांनी तरी भरून द्यावं, एवढंच डोक्यात.

२१ सप्टेंबर

दिवसभर घड्या.

२२ सप्टेंबर

आज तिने तिच्या फोनवर मराठी शोधून काढली. मी लगेच माफी मागितली. म्हटलं, आमच्यात निघताना 'येतो' म्हणतात, तो निरोप असतो, माझ्या शब्दापायी तुझं गिऱ्हाईक गेलं.

ती खो खो हसत सुटली. इस्त्री उभी करून ठेवली आणि फोनमध्ये बोलली. फोन म्हणाला —

"आमच्यातही जाताना तसंच म्हणतात. गिऱ्हाईक कुठलं! तुला परत आणायचं होतं, म्हणून थाप मारली."